चिंचेची पाचर

भीमराज कधी कुणाशी हात मिळवत नसे. साहेब असो, नवा कामगार असो, नाहीतर लग्नातला व्याही असो, हा आपला दोन्ही हात जोडणार, छातीशी धरणार आणि "जय भीम" म्हणणार. समोरच्याने पुढे केलेला हात बिचारा तसाच लोंबकळत राही. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये काहींना वाटे, माणूस फार सालस आहे. काहींना वाटे, फार माजलाय. दोघांचाही अंदाज साफ चुकलेला. खरं कारण फक्त घरात ठाऊक होतं आणि घरातल्यांच्या तोंडाला भीमराजने कुलूप घातलं होतं.

कारण असं, की त्याचे हात कधी ऐकतील आणि कधी नाही, याचा भरवसा नव्हता. काम करताना, भाकरी मोडताना, कधी कंपनीच्या बसमध्ये नुसता बसलेला असताना आधी ओठांभोवती मुंग्या येत, मग बोटांच्या टोकांना. मग मनगट आत वळे, अंगठा तळव्यात शिरे आणि बोटं एकमेकांना चिकटून कोंबडीच्या चोचीसारखी पुढे येत. दोन्ही हातांना व्हायचं, पण डाव्याला आधी आणि जास्त. जबरदस्तीने उलगडायला जावं, तर कळ थेट काखेपर्यंत. मग थोड्या वेळाने हात आपोआप सुटे आणि भीमराज उरलेली भाकरी खाऊ लागे. हात जोडलेले असले की चोच आली तरी कळत नाही, एवढीच त्या नमस्कारामागची गोम.

'चोच' हे नाव ठेवलं त्याच्या आईने, अंबुबाईने. ती आता नाही. तिलाही यायची, आणि तिची चोच नुसत्या हातावर भागायची नाही. कधी कधी बाई अख्खी ताठ होऊन पडायची. नवरा देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाल, तो कामावरून येईपर्यंत शेजारणी तिच्या नाकाला कांदा लावून बसलेल्या असायच्या. लेकाच्या हाताला पहिल्यांदा चोच आली तेव्हा अंबुबाईने त्याला जवळ घेतलं आणि बजावलं, "ह्ये घरातलं हाय, घरातच ऱ्हाऊ दे. लोकं फेफरं म्हनत्यात. फेफरंवाल्याला काम बी मिळत न्हाई आन् बायको बी." बाई काही चुकीचं बोलली नव्हती. तिच्या काळात तसंच होतं, आणि खरं सांगायचं तर आजही फार वेगळं नाही.

आता प्रेस शॉप म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरून कित्येक टनांचा ठोकळा खाली येतो आणि पत्र्याचा ब्रॅकेट होऊन बाहेर पडतो. साच्याला तिथे डाय म्हणतात. ठोकळ्याला हात ओळखता येत नाही. म्हणून प्रेसच्या दोन बाजूंना दोन हिरवी बटणं दिलेली असतात. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच ठोकळा खाली येणार. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे डायमध्ये हात असण्याचा प्रश्नच नाही. साधी, सरळ सोय.

पण माणसाची जात कसली सोय टिकू देते. दोन्ही हातांनी बटण दाबत बसलं की काम मागे पडतं आणि शिफ्टच्या शेवटी बोलणी खावी लागतात. मग एका बटणाच्या कडेला लाकडाची पाचर ठोकायची, म्हणजे ते कायमचं दबलेलं राहतं. दुसरं बटण एका हाताने दाबायचं आणि मोकळ्या हाताने माल भरायचा. जुन्या मशिनला काय कळतंय, बटण माणसाने दाबलंय की लाकडाने? सगळी लाइन पाचरीवर चाले. फोरमन सोपानरावांना हे दिसत होतं आणि दिसत नव्हतंही. बाहेरून कुणी तपासणीला येणार म्हटलं, की सोपानराव लाइनवरून खाकरत एक फेरी मारत. तेवढ्या खाकरण्यात सगळ्यांच्या पाचरी खिशात जात.

भीमराजचीही पाचर होती. चिंचेच्या लाकडाची, वापरून वापरून तुपट झालेली. इतरांची होती कामाच्या वेगासाठी, याची चोचीसाठी. ओठांना मुंग्या आल्या की तो गुपचूप डाव्या बटणाला पाचर मारी, वळलेला हात पाठीमागे कमरेला लावी आणि उजव्या हाताने काम पुढे ओढी. त्याचा एक नियम होता आणि तो त्याने कधी मोडला नाही: चोच आलेला हात डायच्या जवळ न्यायचा नाही. लाइनवर असा क्वचितच कुणी, ज्याचं बोट किंवा पेर गेलेलं नाही. भीमराजची दहाच्या दहा शाबूत होती, आणि या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता.

त्याला एकच मुलगी, आम्रपाली. ती लहान असताना एकदा शाळेतून आली आणि म्हणाली, "पप्पा, माझ्या हाताला बघा काय होतंय." भीमराजने बघितलं. तोंडावर त्याने काही येऊ दिलं नाही. आईचं ऐकलेलं वाक्य त्याने शब्दही न बदलता पोरीला सांगितलं. त्याची बायको कस्तुरा तेव्हा दारात उभी होती. "तिला डॉक्टरला तरी दाखवू या," ती म्हणाली. भीमराज म्हणाला, "मला काय झालंय? मी जगतोयच ना." झालं. विषय तिथेच मिटला.

आम्रपाली शिकली, आयटीआय केलं आणि बापाच्याच कंपनीत कंत्राटावर लागली. आता लाइनवर मुलीही घेत होते. भीमराजची छाती फुगली होती, पण पहिल्याच आठवड्यात त्याने पाहिलं, की परतीच्या बसमध्ये पोर ओढणीखाली डावा हात धरून बसलीय आणि ओठ चावतेय. रविवारी विहारातून वंदना करून आल्यावर पांढऱ्या सदऱ्यातच तो गॅलरीत बसला आणि चिंचेच्या त्याच जुन्या ओंडक्यातून एक तुकडा काढून तासू लागला.

"पोरीच्या हातात काय देताय ते?" कस्तुराने विचारलं.

"हत्यार हाय तिचं."

"मला नाही पटत, अहो."

"तुला काय समजतंय त्यातलं," भीमराज म्हणाला आणि कानशीने कडा घासत राहिला.

मग त्याने आम्रपालीला समोर बसवलं आणि सगळं नीट शिकवलं. मुंग्या आल्या की पाचर कशी मारायची, सोपानराव खाकरले की कशी काढायची, हात कमरेला कसा ठेवायचा. "डायजवळ न्हाई म्हंजी न्हाई," तो पुन्हा पुन्हा म्हणाला. पोरीने मान हलवली. बाप लेकीला दागिना देतो, तशा कौतुकाने त्याने ती पाचर तिच्या तळव्यावर ठेवली. काय म्हणावं याला? माया होती हो, शंभर टक्के माया होती.

वर्षभर निभावलं. मग एका रविवारी सकाळी आम्रपाली केस विंचरता विंचरता ताठ झाली आणि खाली कोसळली. दातखीळ बसली, डोळे वर गेले. शेजारच्या बाईने कांदा आणला. पण कस्तुराने तो हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि रिक्षा बोलावली. त्या दिवशी तिने नवऱ्याला विचारलंही नाही.

पिंपरीच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि सगळ्यांना वाटलं होतं ते निघालंच नाही. मेंदू ठीक होता. रक्तातलं मॅग्नेशियम तळाला गेलं होतं. मग किडनीच्या डॉक्टर आल्या, डॉ. विजयश्री. फिट आलेल्या पोरीला किडनीवाल्या डॉक्टर कशाला, हे भीमराजला कोडं पडलं. बाई मृदू होत्या, पण विचारत नेमकं.

"घरात आणखी कुणाला असा त्रास? हात वळणं, मुंग्या, फिट? आई, वडील, आजी?"

खोलीत आम्रपाली होती, कस्तुरा होती. भीमराज खाटेच्या पायथ्याशी उभा होता, डावा हात पँटच्या खिशात. नेमक्या त्याच वेळी खिशात चोच यायला लागली होती. अंगठा तळव्यात शिरत होता, कळ वर चढत होती. आणि भीमराज म्हणाला, "न्हाई. आमच्यात कुनालाच न्हाई."

कस्तुराने त्याच्या खिशाकडे पाहिलं. आम्रपालीनेही पाहिलं.

तो असं का बोलला, याचं उत्तर अवघड नाही. दिवाळीनंतर कंपनी काही कंत्राटी पोरांना कायम करणार होती आणि त्यात आम्रपालीचं नाव घालायचं सोपानरावांनी कबूल केलं होतं. त्याआधी वैद्यकीय तपासणी होणार होती. रोग घराण्यातला आहे असं एकदा कागदावर आलं, की पोर अनफिट, आणि तिच्या मागोमाग बापही. आणि पोरीचं लग्न? ते तर पुढेच. शिवाय इतक्या वर्षांची सवय होती. जीभ आपणहून 'न्हाई' म्हणाली, असंही म्हणता येईल. पण ते म्हणणं भीमराजने स्वतःच पुढे कधी मान्य केलं नाही.

"मग ॲसिडिटीच्या गोळ्या वगैरे घेता का रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

आम्रपाली घेत होतीच. शिफ्टचं खाणं, अवेळचा चहा, त्या कारखान्यांच्या पट्ट्यात कोण घेत नाही? सकाळी एक गोळी तोंडात टाकली की दिवस सुरू. डॉक्टर म्हणाल्या, या गोळ्या फार दिवस घेतल्या तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं, त्यामुळेही झालं असेल. त्या बंद करा. महिनाभर मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्या आणि मग चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये साठवून घेऊन या. मॅग्नेशियम तिथून वाहून जातंय का, ते बघू.

त्या महिन्यात जादू झाली. पहिले काही दिवस गोळ्यांनी पोट बिघडलं, आम्रपाली वैतागली. पण मग ते स्थिरावलं आणि चोच येईनाशी झाली. एकदाही नाही. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा थंडीत भांडी घासली आणि हात वळला नाही. संध्याकाळी ती बापासमोर येऊन बसली, दोन्ही हात पसरून दाखवले. "पप्पा, तुम्ही पण घेऊन बघा ना एक."

"तुझ्या गोळ्या तुला. मला काय झालंय."

"आपण मॅडमना खरं सांगू या. तुमचं आणि आजीचं. त्या चांगल्या आहेत."

भीमराजने तिचे दोन्ही हात मिटून तिच्या मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "एकदा परमनंट हो. मग सांगू. मी स्वतः येतो तुझ्यासंगं."

आणि तो खरंच जाणार होता. शब्दाचा पक्का माणूस. फक्त आधी ते एक काम होऊ दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. कॅनचं तर हसण्यावारीच गेलं. दिवसभराची लघवी साठवायची म्हणजे शिफ्टला कॅन घेऊन जायचा की काय? सुट्टी काढावी, तर कायम करण्याच्या तोंडावर सुट्टी कोण काढतो? महिना संपला, गोळ्या संपल्या, कॅन धुतलेला तसाच न्हाणीघराच्या फळीवर राहिला. कस्तुरा रोज तो बघे आणि पुसून पुन्हा ठेवी.

चोच परत आली. आधी हळूच, मग जोरात. आम्रपालीने घरी सांगितलं नाही. बापाला आवडणार नाही, म्हणून ती घरातली गोष्ट घरातल्यांपासूनही लपवू लागली होती. एवढी चांगली शिकवण भीमराजने दिली होती.

दुपारच्या शिफ्टला भीमराजचं प्रेस एका बाजूला असे आणि आम्रपालीचं समोरच्या ओळीत. त्याला तिची पाठ दिसे, आणि पाठीवर कमरेला टेकवलेला हात दिसला की तो समजून जाई. त्या दिवशी हात कमरेला होता. मग नव्हता. भीमराजने पाहिलं, पण त्याचं मशीन खाली येत होतं, नजर परत आपल्या डायवर आणावी लागली.

झालं असं. आम्रपालीने डाव्या बटणाला पाचर मारली होती आणि उजव्या हाताने काम चालू होतं. एक पत्रा डायमध्ये तिरका बसला. उजवा हात बटणाकडे निघालाच होता, म्हणून तिने वळलेल्या डाव्या हाताने, त्या चोचीनेच, पत्र्याला सरळ ढकललं. ढकलून हात मागे घ्यायचा होता. पण वळलेला हात मनात येईल तेव्हा मागे येत नाही. उजव्या हाताने बटण दाबलं होतं.

आवाज काही वेगळा झाला नाही. दिवसभर होतो तोच. भीमराजला कळलं ते पुढचा आवाज आला नाही म्हणून.

डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि तर्जनी वाचली. शस्त्रक्रिया झाली, पोर शुद्धीवर आली आणि रक्त तपासलं, तर मॅग्नेशियम पुन्हा तळाला. डॉ. विजयश्रींना बोलावलं. त्या आल्या तेव्हा भीमराज भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. त्याने उठून खिशातला हात बाहेर काढला आणि त्यांच्यापुढे धरला. वळलेला होता. इतक्या वर्षांत घराबाहेरच्या माणसाला त्याने तो पहिल्यांदा दाखवला.

"मॅडम, माझंबी हाय. माझ्या आईचंबी हुतं. मी खोटं बोललो."

डॉक्टर रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, बोटं हलकेच दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "बसा." मग दोघांचं रक्त घेतलं, लघवी घेतली आणि काही नमुने जनुकांच्या तपासणीला बाहेर पाठवले. उत्तर यायला काही आठवडे लागले. आलं तेव्हा त्यांनी तिघांनाही बोलावून समजावलं.

शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक पंप असतो, त्या म्हणाल्या. सोडियम बाहेर फेकतो, पोटॅशियम आत घेतो. दिवसरात्र. तो थांबला तर माणूस थांबला. तुमचा पंप चांगला आहे. पण पंपाच्या शेजारी एक इवलंसं प्रथिन बसलेलं असतं. ते स्वतः काहीच ओढत नाही, काहीच फेकत नाही. पंपाने किती जोर लावायचा, किती सोडियम दिसल्यावर जागं व्हायचं, एवढं ते ठरवतं. कुठल्या अवयवात कुठलं, ते वेगळं असतं. हृदयात एक आहे. माणूस घाबरला, धावला, की ते पंपाला मोकळं सोडतं. किडनीत दुसरं आहे. तुमच्या घराण्यात या किडनीतल्या प्रथिनात एका जागी चूक आहे. ते पेशीच्या आत तयार होतं, पण पंपाजवळच्या आपल्या जागेवर पोचतच नाही. मग पंपाची चाल बिघडते, आणि जे मॅग्नेशियम किडनीने परत ओढून घ्यायचं, ते लघवीतून निघून जातं. ते कमी पडलं की नसा आणि स्नायू उगाच चेकाळतात. हात वळतो. फिट येते.

भीमराज खाली मान घालून ऐकत होता. त्याने हळूच विचारलं, "म्हंजी मशीन चांगलं हाय. बाजूचं बटन खराब."

"जवळपास तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

"हृदयातलं?"

"ते वेगळं प्रथिन. तुमचं ठीक आहे."

कस्तुरा पदराच्या टोकाला पीळ घालत होती. मग अपघाताच्या दिवसापासून गिळत आलेला प्रश्न भीमराजने विचारला. "मॅडम, मी तवाच सांगितलं असतं तर?"

डॉक्टरांनी आम्रपालीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खोटं बोलणं त्यांना जमलं असतं, पण त्या बोलल्या नाहीत. "तर मी मॅग्नेशियमच्या गोळ्या महिनाभरावर थांबवल्या नसत्या," त्या म्हणाल्या. "आणि तिला प्रेसवर जाऊ दिलं नसतं."

कंपनीत चौकशी झाली. लांब टेबल, एसीची गार हवा, सुरक्षा अधिकारी मधोमध आणि टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत ती पाचर. चिंचेच्या लाकडाची. आम्रपाली हाताला बँडेज बांधून एका टोकाला बसली होती, बाप दुसऱ्या टोकाला. सोपानराव छताकडे पाहत होते.

"ही कुणाची?" अधिकाऱ्याने विचारलं.

"माझी," आम्रपाली म्हणाली. "मीच केली."

"कुणी शिकवलं? लाइनवर आणखी कोण वापरतं?"

"कुणी नाही. मीच."

ऐकताना भीमराजला आपलाच आवाज ऐकू आला. 'आमच्यात कुनालाच न्हाई.' तोच स्वर, तीच खाली वळलेली नजर. तो उठला.

"खोटं बोलतीय ती साहेब," तो म्हणाला. "लाकूड माझं, हात माझा. मीच केली आन् मीच तिला दिली." आणि स्वतःच्या खिशातली दुसरी पाचर काढून त्याने टेबलावर ठेवली. शेजारी शेजारी ठेवल्यावर एकाच ओंडक्यातल्या दोन्ही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. "आन् रोगबी माझाच. त्योबी मीच दिलाय."

एवढं बोलल्यावर सगळं नीट झालं असतं, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही या पट्ट्यातले नाही. सोपानराव म्हणाले, पाचर असते हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. अधिकाऱ्याने मान डोलावली. भीमराजने स्वखुशीने काम सोडलं, असं ठरलं. आम्रपालीचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. लाइनवरच्या पाचरी आठवडाभर गायब होत्या, मग एकेक करून परत आल्या. निरोपाला कुणी आलं नाही. बसच्या ड्रायव्हरने तेवढं "निघालास का भाऊ आता?" विचारलं, आणि भीमराजने हात जोडले.

आता बाप-लेक दोघंही सकाळ-संध्याकाळ गोळी घेतात. कस्तुरा स्वतः देते, समोर उभी राहून, घशाखाली उतरेपर्यंत. देताना नवऱ्याशी बोलत नाही. तशी ती एरवीही त्याच्याशी फारसं बोलत नाही. न्हाणीघराच्या फळीवरून कॅन तिने एकदाचा काढून टाकला आणि कुठे टाकला हे त्याने विचारलं नाही. आम्रपाली तळवड्याला एका ऑफिसात फोनवर बोलायच्या कामाला जाते. एका हाताने टाइप करायला शिकलीय. बापाला ती एकदाही लागेल असं बोलली नाही. बोलली असती तर त्याला झोप तरी लागली असती.

परवा दोघं तपासणीला गेले. डॉ. विजयश्रींनी रिपोर्ट पाहिले, मॅग्नेशियम पूर्ण नाही पण पुष्कळ वर आलंय म्हणाल्या. मग नेहमीचा प्रश्न विचारला, "हात वळतो का आता?"

"नाही मॅडम," आम्रपाली म्हणाली. "आता अजिबात नाही वळत." आणि तिने डावा हात टेबलावर ठेवला, अंगठा आणि एक बोट, दोन्ही सरळ.

"छान. आणि तुमचा?"

भीमराजचा हातही वळायचा थांबला होता. पाचही बोटं सरळ, मोकळी, कुठे कळ नाही, मुंग्या नाहीत. आता तो कुणाशीही हात मिळवू शकला असता. डॉक्टरांनी पाहायला म्हणून स्वतःचा हात पुढे केला.

भीमराजने आम्रपालीच्या हाताकडे पाहिलं. "बरा हाय," एवढंच तो म्हणाला आणि आपला चांगला झालेला हात त्याने खिशात घातला.